ऊसनोंदीपासून बिलापर्यंत : प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा येथे भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचे युनिट आहे. अशा कोणत्याही कारखान्याचे ध्येय संचालकांना विचारा. ते साखरेचा उतारा आणि पूर्ण क्षमतेचे गाळप सांगतील. सभासद म्हणेल, तोड वेळेवर यावी, बिल लवकर निघावे. ही ध्येये आणि कारखान्यातले संगणक यांची गाठ घालून देणारी विद्याशाखा म्हणजे बिझनेस आर्किटेक्चर. तिच्या अभ्यासात आपले स्वागत.

या विचाराच्या वाटचालीत 1987 साली आयबीएमच्या नियतकालिकात जॉन झॅकमन यांनी माहिती-प्रणालींचा आराखडा मांडला. 1993 मध्ये हेंडरसन आणि वेंकटरामन यांनी धोरण व तंत्रज्ञान यांच्या मेळाचे प्रारूप दिले. पुढे परिभाषा भरपूर वाढली, गरजेपेक्षा जास्तच. मूळ आग्रह मात्र साधा आहे: संस्थेला काय काय करता आले पाहिजे, ते कोण करतो, त्याला कोणती माहिती लागते, हे आधी ठरवा, सॉफ्टवेअर नंतर.

बिलाचेच पाहू. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत किंमत द्यायची, उशीर झाल्यास 15 टक्के व्याज. त्यासाठी शेतकी विभागाची ऊसनोंद, तोडणी टोळीची चिठ्ठी, काट्यावरचे वजन आणि लेखा विभागाचे खाते एकाच सभासदाशी जुळावे लागते. समजा, चारही ठिकाणी सभासदाचा क्रमांक वेगळा आहे, मग कारकून हाताने मेळ घालत बसतो आणि मुदत सरत जाते. तिथे पाचवे सॉफ्टवेअर घेऊन उपयोग नाही. सभासदाच्या नोंदीची जबाबदारी कोणाची, हे ठरले पाहिजे, आणि ते संगणक विभाग एकटा ठरवू शकत नाही.

वारणानगरच्या साखर कारखान्याचा अनुभव या दृष्टीने मोलाचा. 1998 मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने परिसरातील 70 गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. इंटरनेट, बाजारभाव, शेतीचा सल्ला अशा मोठ्या अपेक्षा होत्या. लोकांनी केंद्रे वापरली ती मुख्यतः कारखान्याच्या कामांसाठी: तोडीचा परवाना, उसाचे वजन, खताची मागणी. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हीच सोय करून पाहिली आणि ती चालली. या प्रकल्पाला सरसकट अपयशी म्हणणे मला पटत नाही. सभासदाला काय हवे, हे प्रकल्पाने दाखवून दिले; ते आधी विचारले असते, तर खर्च कमी झाला असता.

ही विद्या संगणकतज्ज्ञांपुरती नाही. शेतकी अधिकारी, लेखापाल, संचालक यांनीही ती वाचावी. वाचताना आपल्याच संस्थेचे एखादे अडलेले काम समोर ठेवा आणि ते पहिल्या नोंदीपासून शेवटच्या सहीपर्यंत कागदावर मांडून पाहा.