वारीतला विंचू

पंढरीची वाट आमच्या धाराशिव जिल्ह्यातनं दोन अंगांनी जाते. पैठणहून निघालेली नाथांची पालखी खर्ड्यावरून परंडा तालुक्यात शिरते आणि पुढं सोलापूर जिल्ह्यात उतरते. शेगावची गजानन महाराजांची पालखी कळंब, तेर, धाराशिव, तुळजापूर अशी येते. वारीवर लिहिणारे टाळ-मृदंगाचं लिहितात, रिंगणाचं लिहितात. पण दिवसभर चाललेला वारकरी रात्री जमिनीला पाठ टेकतो, तेव्हा त्याच्या अंगाखाली काय असतं, ते फारसं कुणी लिहीत नाही.

मुंगळे, डास, गोमाश्या हे सगळं असतंच. त्याला कुणी भीत नाही. निंबाचा पाला पेटवून धूर केला, अंगावर धोतर ओढलं की भागतं. भीती असते ती विंचवाची. आषाढीची वारी नेमकी पहिल्या पावसात येते. उन्हानं तापलेल्या दगडाखालचा, भेगांतला विंचू त्याच वेळी बाहेर पडतो. आणि त्याच वेळी हजारो माणसं माळावर, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकतात.

नाथांनी विंचवावर भारूड रचलं ते उगीच नाही. नाथांनी देह ठेवला १५९९ साली. भारुडातला विंचू म्हणजे माणसाच्या मनातला काम-क्रोध. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला खऱ्या विंचवाची आग माहीत होती, म्हणून तर ते काळजाला भिडलं. आजही दिंडीत भारूड करणारा नांगी लागल्यासारखा उड्या मारतो, लोक पोट धरून हसतात, आणि झोपायच्या आधी गुपचूप वाकळ झटकून घेतात.

आमच्या लहानपणी विंचू घरचाच होता. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर धाब्याचं माळवद. फटी किती म्हणून बुजवणार? १९७२ च्या दुष्काळात बायामाणसं खडी फोडायच्या कामावर गेली. दगड उलटला की खाली विंचू. चावला की चिंचोका दगडावर घासून डंखावर चिकटवायचा, कांदा चोळायचा, नाहीतर उतरवणाऱ्याकडं न्यायचं. तो मंतर टाकायचा, निंबाच्या डहाळीनं झाडायचा. माणूस सकाळपर्यंत बरा व्हायचा, अन् नाव त्याचं व्हायचं. खरं म्हणजे पुष्कळ डंखांची आग रात्रभरात आपोआपच उतरते. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जीव सहसा घेत नाही. घात करतो तो लहानसा लाल विंचू, त्यातही लेकरांचा. अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग धाप आणि तोंडाला फेस. तिथं मंतर चालत नव्हता. मग म्हणायचे, वेळ भरली होती.

ती वेळ मागं सारली ती मराठवाड्यातल्याच एका शेतकऱ्याच्या पोरानं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नागपूरला डॉक्टरी शिकले आणि १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात लागले. तिथं विंचू चावलेली लेकरं डोळ्यांदेखत जात होती. ते रात्र-रात्र रोग्याच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब टिपत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं की विषानं रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. आवळलेल्या वाहिन्या सैल झाल्या, पोरं वाचली. १९८६ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं हे काम छापून आलं. अत्यवस्थ रोग्यांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. पुढं विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली, आणि गोळीसोबत लस दिली तर रोगी लवकर सावरतो हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी दाखवलं. २०२२ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

पण गोळी दवाखान्यात असते आणि विंचू माळावर. मधलं अंतर आपणच तोडायचं असतं. तालुक्याची वाट सोडून अजूनही कुणी आधी उतरवणारा शोधतो, त्यात दोन तास जातात. लाल विंचवाच्या विषाला तेवढे पुरतात. म्हणून आमच्या दिंडीत आता नेमच आहे. पाल ठोकायच्या आधी जागेवरचे दगड काठीनं बाजूला सारायचे. वाकळ, चपला, पडशी झटकल्याशिवाय वापरायची नाही. रात्री उठलं तर बॅटरी लावूनच पाय टाकायचा. कुणाला चावलाच तर डंख कापायचा नाही, करकचून बांधायचं नाही. १०८ ला फोन लावायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठायचा. लेकरू असलं तर घाम फुटायची वाटसुद्धा बघायची नाही.

उतरवणाऱ्यालाही आम्ही नाही म्हणत नाही. त्याला म्हणतो, बाबा, तूही गाडीत बस. मंतर म्हणायचा तर वाटंनं म्हण.