नैराश्यरोधी औषधे : प्रारंभकालीन भावनिक परिणाम

फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन इत्यादी औषधे सुरू केल्यावर पहिल्या एकदोन आठवड्यांत काही रुग्णांच्या ठायी उद्भवणारी चिडचिड, निद्रानाश व चिंतेची वाढ. मेंदूतील सिरोटोनिनच्या व्यवहारावर या औषधांचा अंमल काही तासांतच बसत असला, तरी मन उभारी धरण्यास बहुधा २ ते ६ आठवडे लागत असल्यामुळे, गुण येण्यापूर्वी त्रासच तेवढा पदरी पडतो आणि आजार बळावला असा रुग्णाचा ग्रह होतो. तो स्वाभाविक असला, तरी बहुतेकांच्या बाबतीत यथार्थ नसतो. क्वचित रुग्णास एका जागी बसवतच नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, रात्री उठून तो खोलीत येरझारा घालू लागतो. अकॅथिसिया नामक ही अवस्था विशेष दखलपात्र होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोर यांच्यातील आत्मघाती विचारांविषयी चौकटबद्ध इशारा छापण्याचा हुकूम काढला आणि २००७ मध्ये त्याची व्याप्ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढविली. दुःखाबरोबर आनंदही बोथट झाल्याची काहींची तक्रार डॉक्टरांनी क्षुल्लक मानणे अन्यायाचे आहे. अल्प मात्रेने आरंभ करून ती सावकाश वाढविल्यास त्रास पुष्कळदा सुसह्य होतो. औषध परस्पर बंद करू नये. आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.