अंथरूण पाहून चार पाय

इतिहास हा विषय मी शाळेत 32 वर्षे शिकवला. म्हणजे तेवढ्या अवधीत मी पानिपतावर 32 वेळा हरलो, आग्र्याहून 32 वेळा सुटलो आणि सनावळ्यांची भीती 32 तुकड्यांच्या मनात कायमची बसवली. निवृत्त झालो तेव्हा वाटले, आता इतिहासाचा आणि आपला संबंध संपला. पण तो पुन्हा जुळला. जुळवला एका कुत्र्याने, आणि तोही अंथरूण ओले करून!

आम्ही पहूरचे. जळगावहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली मंडळी ज्या गावात चहा पितात, ‘हे कुठलं गाव?’ असे विचारतात आणि उत्तर न ऐकताच गाडीत बसतात, ते आमचे पहूर. गावाजवळून वाघूर वाहते. ती अजिंठ्याच्या लेण्यांखालून येते, पण तेवढ्यावरून तिला काही गर्व झालेला नाही. पूर्वी पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, म्हणजे आमची ‘पीजे’, गावावरून जायची. 2020 साली तीही थांबली. तेव्हापासून गावात वेळेवर येणारे असे काही उरले नव्हते. मग सुभेदार आला. त्याची जेवणाची वेळ कधी चुकत नाही.

सुभेदार हा आमच्या चिरंजिवांचा कुत्रा. जात लॅब्रॅडॉर, वय नऊ, वजन चाळीस किलो. पुण्याला असताना त्याचे नाव काहीतरी विलायती होते. सौ.ला ते उच्चारता येईना. तिने त्याची चाल पाहिली, पोट पाहिले आणि ‘हा तर आमचा सुभेदारच’ असे म्हणून बारसे उरकून टाकले. चिरंजिवांची बदली जर्मनीला झाली, आणि सुभेदाराची आमच्याकडे. सोबत त्याचे सामान आले: दोन वाडगी, एक पट्टा, एक ब्रश आणि एक अंथरूण.

त्या अंथरुणाची किंमत मी सौ.ला अजून सांगितलेली नाही. आत ‘मेमरी फोम’ होता, म्हणजे स्मरणशक्ती असलेला फोम. 1966 साली अमेरिकेच्या ‘नासा’साठी, विमानातली आसने सुरक्षित आणि आरामशीर व्हावीत म्हणून तो शोधून काढला गेला. झोपणाऱ्याचा आकार तो लक्षात ठेवतो म्हणतात. आकारापर्यंत आमची तक्रार नव्हती. पण आमच्याकडच्या पहिल्याच पावसात सुभेदार वाघुरीच्या काठी लोळून आला. खानदेशची काळी माती, भिजली की फुगते आणि चिकटली की नात्यातल्या माणसासारखी सुटत नाही. त्या मातीसकट स्वारी फोमवर आडवी झाली. त्याच रात्री म्हातारपणामुळे सुभेदाराच्या हातून, म्हणजे हातून नव्हे, पण जे व्हायचे ते झाले. त्या फोमने हे सगळे लक्षात ठेवले. धुतला, पिळला, उन्हात घातला. तो काही विसरेना. अकराव्या दिवशी सुभेदारानेच त्याचे तुकडे करून प्रकरण निकालात काढले.

मग आम्ही पिंजाऱ्याला गाठले. खानदेशात राहून कापसाची गादी नाही म्हणायची म्हणजे देहूत राहून अभंग येत नाही म्हणण्यासारखे. गादी झकास झाली. सुभेदार तिच्याभोवती तीनदा फिरला, बसला आणि झोपला. चौथ्या दिवशी ती ओली झाली. गादीतला कापूस पाणी पितो तो अगदी तळापर्यंत. वरून वाळतो, आतून कुबट राहतो आणि शेवटी त्याचे गोळे होतात. ती पुन्हा उसवून, वाळवून, पिंजून घ्यावी लागते. पिंजारी म्हणाला, ‘‘गुरुजी, कुत्र्यासाठी दर महिन्याला गादी पिंजायची म्हणजे मला तुमच्याकडेच ऱ्हायला यावं लागंल.’’

त्यावर रेक्झिनची खोळ चढवून पाहिली. पुसायला सोपी, पण उन्हाळ्यात तापते, घामाने चिकटते आणि कूस बदलली की असा आवाज करते की आम्ही दोघे चोर आला म्हणून उठून बसायचो. चोर आला असता तर सुभेदाराने त्याला पायावर पाय टाकून आशीर्वादच दिला असता, ही गोष्ट वेगळी.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, माणसाने कुत्रा पाळून हजारो वर्षे झाली. हा प्रश्न याआधी कुणाला पडलाच नसेल? इतिहास काय म्हणतो?

इतिहास पुष्कळ बोलतो, पण नेमके हवे तेव्हा गप्प बसतो. महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. पण त्या लांबच्या वाटेवर रात्री तो कुत्रा कशावर झोपला ते व्यासांनी सांगितलेले नाही. दत्तमहाराजांच्या तसबिरीत चार कुत्री असतात. त्यांना चार वेद मानतात, पण चारही वेद बसतात भुईवर. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. भाकरी कोरडी खाऊ नये इतका जीव त्या संताने लावला. पुढे तो कुत्रा ते तूप खाऊन कुठे निजला, हे विचारायला मात्र कुणी धावले नाही.

आपल्या छत्रपतींकडे वळलो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेकाठी थोरल्या शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शाहूमहाराजांची कारकीर्द 1708 ते 1749 ची. शिकारीत वाघापासून खंड्याने महाराजांना वाचवले, त्याला पालखीचा मान मिळाला, अशी आख्यायिका आहे. पालखी म्हणजे अंथरूण आलेच! पण ती गादी धूत कोण होते, हे कुठल्या बखरीत असणार? मुधोळच्या घोरपडे राजांनी आपल्याकडची लांबसडक शिकारी कुत्री जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहालाही नजर केली, असे सांगतात. 2005 साली मुधोळच्या कुत्र्याचे तिकीट टपालखात्याने काढले. तिकिटावर कुत्रा आहे, अंथरूण नाही. जुनागडच्या नवाबाकडे तर शेकडो कुत्री होती. पण त्या शेकडो अंथरुणांची धुणी बडवणाऱ्या हातांचे तिकीट कोण काढणार?

परदेशात जरा बरी माहिती निघाली. फ्रान्समधल्या गास्तों फेबस नावाच्या सरदाराने 1387 साली शिकारीवर एक ग्रंथ लिहायला घेतला. पुढे इंग्लंडात यॉर्कच्या ड्यूकने तो इंग्रजीत उतरवला. त्यात कुत्र्यांच्या घराचा असा तपशील आहे की आमच्या पंचायतीच्या बांधकामालाही नाही. घर ऐसपैस हवे, पुढे-मागे दार हवे, मूत वाहून जायला पन्हळ हवी आणि गवताचे अंथरूण रोज बदलायला हवे. शिवाय कुत्र्यांची रात्री भांडणे होऊ नयेत म्हणून एका पोराने त्यांच्यातच निजावे! त्या पोराला अंथरूण काय मिळत होते, याची मला काळजी वाटली. पण गास्तोंचा मुद्दा पक्का होता: अंथरूण मऊ असण्याआधी बदलता आले पाहिजे.

चारशे वर्षांनी त्याच फ्रान्सच्या राणीने, मारी आंत्वानेतने, कुत्र्यासाठी सोनेरी मुलाम्याचे, मखमल लावलेले लाकडी घर करवून घेतले. ते आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. दिसायला देखणे, पण ती मखमल धुवायची कशी? सौ.ने चित्र पाहिले आणि म्हणाली, ‘‘यात आपला सुभेदार एकदा बसू दे, दुसरी राज्यक्रांती होईल.’’

घराण्यांच्या इतिहासात उत्तर मिळेना म्हणून गोरगरिबांच्या इतिहासात शिरलो. तिथे सापडले गोणपाट. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून याच मुलखातून जात. इंग्रजीतला ‘गनी’ हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेलेला आहे. 1855 साली हुगळीकाठी रिश्र्याला तागाची पहिली गिरणी निघाली, आणि मग पोते सगळ्या हिंदुस्थानभर झाले. धान्य संपले की ते पायपुसणे होई, पावसात डोक्यावरची खोळ होई आणि शेवटी ओसरीवरच्या कुत्र्याचे अंथरूण होई. वैशाखात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो. तेव्हा ओले गोणपाट अंथरले की सुभेदार त्यावर जो पसरतो, तो थेट संध्याकाळच्या भाकरीलाच उठतो. पण पावसाळ्यात तेच गोणपाट चार-चार दिवस वाळत नाही, धागे नखात अडकतात आणि टोचते ते वेगळेच.

ही सगळी गंमत चालू असताना एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. सुभेदार झोपत नव्हता. फोम गेल्यापासून त्याने बैठक हलवली होती ती दारातल्या शहाबादी फरशीवर. तोंड रस्त्याकडे. जळगावकडून गाडी आली की मान वर, गाडी गेली की मान खाली. एक दिवस त्याच्या कोपरावर रक्त दिसले.

गुरांचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. त्यांनी कोपर हातात घेतले आणि म्हणाले, ‘‘सर, एवढं जड जनावर फरशीवर बसलं की सगळं वजन हाडावर येतं. आधी केस जातात, मग घट्टा पडतो, मग तिथं पाणी धरतं नि ते चिघळतं. जाड अंथरूण द्या, पण कोरडं द्या. ओल्यावर निजला तर जखम भरणारच नाही. आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं. पिसवांची अंडी कुत्र्यावरून गळून अंथरुणातच साठतात.’’ मग जाता जाता, ‘‘आणि सर, तो कुणाची वाट बघतोय?’’

हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेतला नव्हता. मी उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. माळ्यावर पडलेली जुनी बाज काढली. सुभेदार निजला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत त्याला मापले आणि वर एक वीत धरली. बाजेचे पाय कापून वीतभर उंची ठेवली, म्हणजे म्हाताऱ्याला चढताना त्रास नको. त्यावर नायलॉनची नवार घट्ट विणून घेतली. खालून वारा खेळतो, पाणी सांडले तर गळून जाते, आणि नवार जागच्या जागी बादलीभर पाण्याने धुता येते. गास्तोंची पन्हळच म्हणा ना! फक्त एकच अडचण: सुभेदार तिच्यावर पाय ठेवीना. मी बसून दाखवले. आडवा होऊन दाखवले. गल्लीतल्या चार पोरांनी ते पाहिले. गावातली माझी उरलीसुरली पत त्या दिवशी गेली.

तेव्हा सौ. आत गेली आणि लोखंडी पेटीतून एक गोधडी घेऊन आली.

ती गोधडी माझ्या आईच्या हातची. तिच्याच जुन्या लुगड्यांची. हिरवे, जांभळे आणि मध्ये धोतराच्या पानाचे ठिगळ. कडेने सुरुवात करून आत-आत येत गेलेला धावदोरा. चिरंजीव लहानपणी हिच्याशिवाय निजत नसत. सौ.ने तीस वर्षे ती डांबराच्या गोळ्या घालून जपली होती, पाहुण्यांनासुद्धा कधी दिली नव्हती.

‘‘अगं, ही?’’ मी म्हणालो. ‘‘खराब करील तो.’’

‘‘करील की! तुमच्या चिरंजिवांनी काय कमी खराब केली होती?’’

तेव्हा मी ती गोधडी प्रथमच विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिली. पदरावर पदर, पण प्रत्येक दोन बोटांवर टाका, म्हणून आत गोळे होत नाहीत. जाड, पण पोकळ नाही, म्हणून पाणी आत कोंडत नाही. चिखल आधी वाळू द्यायचा, झटकायचा, मग धुवायचे. लघवीचा डाग आधी गार पाण्यात काढायचा, कारण एकदम गरम पाणी घातले की तो पक्का बसतो. मग सोडा, मग कढत पाणी, मग मोगरी, मग ऊन. आईने हे कुठल्या ग्रंथात लिहिले नाही. तिने ते शिवून ठेवले होते.

सुभेदाराने गोधडी हुंगली. तिच्यात त्याला कोणता वास लागला, देव जाणे. तो बाजेवर चढला, तीनदा फिरला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. रस्त्याकडे नव्हे.

आता आमच्याकडे दोन गोधड्या आहेत. दुसरी सौ.ने स्वतःच्या साड्यांची शिवली. एक बाजेवर, एक दोरीवर. थंडीत खाली घोंगडी, वैशाखात नुसती नवार आणि ओले गोणपाट. कोपर भरत आले आहे. माझ्या इतिहाससंशोधनाचा निष्कर्ष थोडक्यात असा: राजेलोकांनी कुत्र्यांना समाध्या दिल्या, त्या दगडाच्या होत्या म्हणून टिकल्या. घरातल्या बायांनी अंथरुणे दिली, ती धुऊन धुऊन विरली, म्हणून त्यांची नोंद राहिली नाही.

परवा चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल आला. सौ.ने फोन बाजेकडे वळवला. सुभेदार घोरत होता, एक पाय हिरव्या ठिगळावर. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘‘आई, ती आजीची गोधडी ना? त्याला दिलीस?’’

‘‘दिली,’’ सौ. म्हणाली. ‘‘धुता येते रे.’’