पाणबुडीवरचा मुलगा आणि घरची माणसे

घरातला मुलगा फौजेत असण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. साताऱ्याजवळच्या एका गावाला तर 'अपशिंगे मिलिटरी' असेच नाव पडले आहे. '५६ एपीओ' हा पत्ता पाठ असलेल्या आया सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगावी भेटतील. या घरांना काळजी करण्याची एक रीत ठाऊक असते. सीमेवर गोळीबार झाला की बातमी येते, बर्फाचा कडा कोसळला की बातमी येते आणि एरवी अधूनमधून मुलाचा फोन येतो. नौदलाच्या पाणबुडी शाखेत गेलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या हाती मात्र यातले काहीच लागत नाही. तो निघाला कधी, आहे कुठे, परतणार केव्हा, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि बहुधा त्यालाही ते नेमके ठाऊक नसते. लष्करी परंपरेच्या घरांचीसुद्धा पहिल्या वर्षी तारांबळ उडते ती यामुळेच.

ही शांतता निष्काळजीपणातून आलेली नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पाणबुडीचे सारे सामर्थ्य न सापडण्यात असते. डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीच्या जोरावर फिरते. बॅटरी उतरली की तिला पृष्ठभागाजवळ येऊन, हवा ओढून घेणारी नळी वर काढून, डिझेल इंजिने चालवावी लागतात. तेवढा काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा. त्यातच आकाशात संदेश सोडणे म्हणजे शत्रूला आपला पत्ता कळविणे होय. साध्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. अतिशय कमी कंपनसंख्येच्या लहरी तेवढ्या काही मीटर खोल पोचतात आणि त्या प्रक्षेपित करण्यासाठी किनाऱ्यावर अवाढव्य मनोरे उभारावे लागतात. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात 'आयएनएस कट्टबोम्मन' हा नौदलाचा तळ १९९० पासून हेच काम करीत आहे. या मार्गाने जाणारा मजकूर तुटपुंजा असतो आणि तो एकाच दिशेने जातो. घरच्या खुशालीसाठी त्यात जागा नसते.

ज्या मुंबईतून हे तरुण समुद्रात जातात, त्या शहराचे पाणबुडीशी असलेले नाते जुने आहे. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. म्हणून तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. देशात बांधलेली पहिली पाणबुडी 'शाल्की' मात्र माझगाव गोदीतली. ती १९९२ मध्ये नौदलात आली. नव्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या याच गोदीने २०१७ ते २०२५ या काळात नौदलाच्या स्वाधीन केल्या. त्यांतल्या 'खांदेरी'चे नाव अलिबागजवळच्या शिवकालीन जलदुर्गाची आठवण करून देते. सुमारे साडेसदुसष्ट मीटर लांबीच्या या नौकेत चाळीसच्या वर माणसे राहतात. रेल्वेच्या तीन डब्यांएवढी ही लांबी, पण तिच्यातला मोठा भाग यंत्रे, बॅटऱ्या आणि पाणतीर यांनी व्यापलेला. माणसांनी उरलेल्या फटींत राहायचे.

निघण्यापूर्वीचे बोलणे

मुलगा सुटीवर घरी असताना त्याचे कौतुक होते, पाहुणे येतात, देवदर्शन होते. पण जे बोलायला हवे तेच राहून जाते. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न असा : तू पाण्याखाली असताना घरात काही वाईट घडले, तर तुला ते कळवावे की नाही?

ब्रिटिश नौदलाने या प्रश्नाला तोंड देण्याची एक पद्धत बसविली आहे. त्यांच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या कित्येक आठवडे पाण्याखालीच राहतात. खलाशाच्या घरच्यांना आठवड्यातून एकदा एक छोटा संदेश धाडता येई. 'फॅमिलीग्राम' म्हणतात त्याला. प्रारंभी त्याला अवघ्या ४० शब्दांची मर्यादा होती, पुढे ती वाढविण्यात आली. हा संदेश अधिकारी तपासतात, त्यात दुःखद बातमी घालता येत नाही आणि उलट उत्तर तर येतच नाही. घरात मृत्यू झाल्यास तो तेव्हाच कळवावा की बंदरात परतल्यावर, हे गस्तीला निघण्यापूर्वीच प्रत्येकाला विचारून ठेवतात. कारण उघड आहे. बातमी कळली तरी तो घरी येऊ शकत नाही. दुःख घेऊन त्याला त्याच अरुंद जागेत, तेच काम करीत राहावे लागते.

आपल्याकडच्या घरांनीही हा प्रश्न मुलाला सरळ विचारावा, हे बरे. आजारी आजोबांचे काही बरेवाईट झाले तर अग्नी कोणी द्यायचा, दिवस कोणी करायचे, हे आधी ठरलेले असले की पुढे "आम्हाला कळवलेच नाही" हा सल राहत नाही. अशा गोष्टी बोलणे अशुभ मानणारी मंडळी घरोघरी असतात. परंतु न बोलता राहिल्याने दोन्हीकडे जी बोच उरते, ती वर्षानुवर्षे जात नाही. मुलाचे उत्तर काहीही असो, ते घरातल्या सर्वांसमक्ष झालेले असावे. नाहीतर एक काका लपवा म्हणतो आणि दुसरा मोबाईलवर निरोप टाकून मोकळा होतो.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे आहे. बँकेचे खाते, विम्याचे नामनिर्देशन, शेताच्या वाटणीसाठी लागणारे मुखत्यारपत्र हे सारे तो घरी असतानाच उरकावे. जमिनीचा दावा चालू असेल तर भारतीय सैनिकांच्या दाव्यांसंबंधी १९२५ चा कायदा आहे, त्याची माहिती वकिलाकडून घ्यावी. विशेष परिस्थितीत सेवेवर असल्यामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध निकाल लागू नये, हा त्याचा हेतू आहे. सेवेतील जवानांच्या कुटुंबांना अशा कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मागता येते. लग्नाची तारीख मात्र रजा मंजूर झाल्यावाचून कोणत्याही पंचांगावरून पक्की करू नये.

सून आणि सासर

मुलाचे लग्न झाल्यावर एक नाजूक बदल होतो. त्याकडे आईवडिलांचे सहसा लक्ष नसते. नौदलाच्या दप्तरी जवळचा नातलग म्हणून आता पत्नीचे नाव लागते. ती मुंबईच्या किंवा विशाखापट्टणमच्या नौदल वसाहतीत राहते. शेजारी इतर पाणबुडीकरांची कुटुंबे असतात, नौदल कुटुंबांची कल्याण संघटना असते. बोट बंदरात आल्याचे तिला आधी कळते. गावी बसलेल्या आईला ते दोन दिवसांनी समजते आणि रुसवा धरला जातो.

यात सुनेचा दोष नसतो. उलट, लेकरांची शाळा, दवाखाना, गॅसचा सिलिंडर हे सारे एकटीने रेटणारी घरात तीच असते. सासूसासऱ्यांनी वर्षातून काही आठवडे तिच्याकडे जाऊन राहणे ही मुलाला केलेली सर्वांत मोठी मदत होय. विशाखापट्टणमसारख्या परमुलखात ती विशेष जाणवते. ते शक्य नसेल तर निदान रोज फोन करून "काही कळले का?" असे विचारणे तरी थांबवावे. काही कळले असते तर तिने सांगितलेच असते. मुलगा अविवाहित असेल तर आपला बदललेला फोन नंबर आणि पत्ता त्याच्या सेवापत्रकात नोंदला गेला आहे ना, एवढे त्याला विचारून ठेवावे. जुन्या नंबरामुळे निरोप न पोचणे ही तारेच्या जमान्यातली नव्हे, आजचीच अडचण आहे.

काय बोलू नये

गणपतीला कोकणातल्या घरी चारचौघे जमले की "पोरगा येणार का?" हा प्रश्न ठरलेला. "कामावर आहे" एवढे उत्तर त्याला पुरे. तो कोणत्या पाणबुडीवर आहे, कधी सुटला, कधी येणार, हे भावकीलासुद्धा सांगण्याचे कारण नाही. ही सावधगिरी पोकळ नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांतून ओळख वाढवून नौदलाची माहिती काढून घेणारे हेरगिरीचे जाळे आंध्र पोलिसांनी उघडकीस आणले आणि काही नौसैनिकांना अटक झाली. त्यानंतर नौदलाने आपल्या तळांवर आणि जहाजांवर फेसबुक व स्मार्टफोनवर बंदी घातली. मुलावर बंदी असताना वडिलांनी त्याचा गणवेशातला फोटो बोटीच्या नावासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवावा, याला काय म्हणावे! नौदल कार्यालयातून बोलतो असे सांगून चौकशी करणाऱ्या अनोळखी फोनलाही माहिती देऊ नये.

पत्र मात्र जरूर लिहावे. ते मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत जाते आणि बोट परतेपर्यंत पडून राहते. चार-पाच पत्रे एकदम हाती पडतात. म्हणून पाकिटावर क्रमांक घालावा, म्हणजे तो ती ओळीने वाचील. मोबाईलचेही तसेच आहे. किनारा जवळ आला, फोन हाती आला की महिनाभराचे निरोप एकाच मिनिटात कोसळतात. त्यात वीस वेळा "फोन का करत नाहीस?" असू नये.

अपघाताची भीती

ही भीती खोटी नाही आणि ती आईवडिलांपासून लपवून काही साधत नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या 'सिंधुरक्षक'वर स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न'वर आग लागून दोन अधिकारी गेले आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला.

कुटुंबांना काय कळते आणि केव्हा, याचे दोन परदेशी दाखले लक्षात ठेवण्याजोगे आहेत. रशियाची 'कुर्स्क' १२ ऑगस्ट २००० रोजी ११८ माणसांसह बुडाली. जगाला ते दोन दिवसांनी सांगण्यात आले. अधिकाऱ्यांना जाब विचारणाऱ्या एका आईला भर सभेत इंजेक्शन देऊन गप्प केल्याचे चित्र तेव्हा दूरचित्रवाणीवर दिसले होते. अर्जेंटिनाची 'सान हुआन' १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ४४ जणांसह नाहीशी झाली. महिना संपण्याआधीच नौदलाने बचावाची आशा सोडली. नातेवाइकांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. वर्षभराने, १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, ती नऊशे मीटरहून अधिक खोलीवर सापडली. त्या ४४ जणांत एक स्त्री अधिकारीही होती. नॉर्वेने १९८५ मध्येच पाणबुडी स्त्रियांना खुली केली, अमेरिकेने २०१० मध्ये. ही धास्ती आता केवळ मुलांच्या आईवडिलांची राहिलेली नाही.

भारताची तयारी या काळात वाढली आहे. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे वर आणणारे खास यान २०१८ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले. ते ६५० मीटर खोलीपर्यंत काम करू शकते आणि विमानातून नेता येते. असेच दुसरे यान पूर्व किनाऱ्यासाठी आहे. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' ५३ जणांसह बुडाली, तेव्हा भारताने तेथून मदत रवाना केली होती. जुलै २०२५ मध्ये 'निस्तार' हे पाणबुडी-बचावाला साहाय्य करणारे जहाजही सेवेत आले. दूरचित्रवाणीवर काही झळकले तर वाहिन्यांना फोन करीत बसण्यापेक्षा मुलाने दिलेल्या कार्यालयाच्या नंबरावर एकाच माणसाने संपर्क ठेवावा आणि बाकीच्यांनी आपले फोन मोकळे ठेवावेत.

परतल्यावर पहिले काही दिवस तो वेगळा वाटेल. आत दिवस-रात्र नसते, पाळ्या असतात. त्यामुळे तो भर दुपारी झोपेल आणि पहाटे तीनला उठून बसेल. पाण्याची आत इतकी चणचण असते की तो न्हाणीघरात बराच वेळ काढील. उजेडात, उघड्यावर, अंगणात किंवा गच्चीवर त्याला बसू द्यावे आणि लगेच नातेवाइकांकडे फिरवू नये. कपड्यांना डिझेलचा वास येतो, तो एका धुण्यात जात नाही. ते वेगळे भिजत घालावेत.