गारपीट : घराच्या पॉलिसीतून निसटलेला शब्द

आज एका शब्दाचा इतिहास पाहू.

३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारा पडल्या आणि २४६ माणसं दगावली. नोंद झालेल्या गारपिटींपैकी सर्वाधिक बळी घेणारी गारपीट हीच, असं जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केलं. म्हणजे गारा हे संकट आपल्याला नवं नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रानेही ते भोगलं.

आता विम्याकडे वळू. आपल्याकडे सर्वसाधारण विम्याची सुरुवात १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन कंपनीपासून मानतात. घराचा विमा हे अग्निविम्याचंच अपत्य. आधी फक्त आग, मग वीज, स्फोट, दंगल, वादळ, पूर अशी कलमं जोडली गेली. १९७३ मध्ये १०७ विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पॉलिसीची भाषा देशभर एकच होती. २००७ मध्ये दर मोकळे झाले, तरी जुनी शब्दरचना बराच काळ चालू राहिली.

त्या भाषेतली हवामानाची यादी अशी : स्टॉर्म, सायक्लोन, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टॉर्नेडो, पूर आणि जलमयता. वाऱ्याला सहा नावं, गारेला एकही नाही. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत त्सुनामीची भर पडली. गारपीट तिथेही नावाने नाही.

गंमत पुढे आहे. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात ‘हेलस्टॉर्म’ हा शब्द स्पष्ट छापलेला असतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट स्थानिक आपत्ती म्हणून येते आणि ७२ तासांत कळवायची असते. सरकारच्या आपत्ती मदतीच्या यादीतही ती आहे. एकाच गारेने शेत, गाडी आणि छप्पर फोडलं, तर पहिल्या दोघांसाठी शब्द तयार आहे. छपरासाठी मात्र ‘ही गार वादळाचाच भाग होती’ असं म्हणावं लागतं. बहुतेक वेळा ते खरंच असतं, कारण गारा गडगडाटी ढगातूनच पडतात. पण जे गृहीत धरावं लागतं, तिथे वादाला जागा राहते. आदेशात जे लिहिलेलं नाही त्यावर विसंबू नये, हे फौजेत पहिल्या वर्षीच शिकवतात.

अमेरिकेत वेगळं घडलं. तिथे अग्निविम्याला जोडलेल्या कलमात वादळ आणि गारा शेजारी शेजारी आल्या. म्हणून सगळं सुरळीत झालं का? नाही. टेक्सास, कोलोरॅडोसारख्या राज्यांत गारांचे दावे फुगले, तेव्हा कंपन्यांनी शब्द तसाच ठेवून भरपाई आखडली. घराच्या विमा रकमेचे एक-दोन टक्के मालकाने आधी सोसायचे, जुन्या छपराची किंमत घसारा कापून द्यायची, पत्र्याला नुसते पोचे पडले असतील तर काहीच द्यायचं नाही. शब्द असूनही भोक राहू शकतं.

तेव्हा गारपट्ट्यात घर असेल, मग ते विदर्भात असो वा हिमाचलात, तर तीन गोष्टी करा. गारांचं नुकसान धरलं आहे का, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर पॉलिसीसोबत जपा. ‘गृह रक्षा’त सामानाला आपोआप मिळणारं संरक्षण इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतच असतं, दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि दर हिवाळ्यात छप्पर, काचा, सौर पॅनल यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा, म्हणजे नुकसान गारेचं की जुन्या झिजेचं, हा वाद लवकर मिटेल.

मुरादाबादच्या माणसांना आकाशाखेरीज काही वाचता आलं नसतं. आपल्या हातात निदान कागद आहे. ढग दिसायच्या आधी तो वाचा.

जय हिंद.