शिडाच्या डिंगी नौकांच्या ऐतिहासिक छायाचित्रांचे जतन

शिडाच्या डिंगी नौकांच्या ऐतिहासिक छायाचित्रांचे जतन म्हणजे शिडाच्या छोट्या, उघड्या नौकांची जुनी छायाचित्रे, निगेटिव्ह, पारदर्शिका आणि त्यांच्याशी संबंधित नोंदी सुरक्षित ठेवणे, त्यांची ओळख पटवणे व त्या अभ्यासासाठी उपलब्ध करून देणे होय. लाकडी नौका काही दशकांत कुजतात, मोडीत निघतात किंवा दुरुस्त्यांमुळे मूळ स्वरूपात राहत नाहीत. त्यामुळे अनेक नौकांच्या बाबतीत छायाचित्र हाच त्यांच्या बांधणीचा आणि वापराचा शेवटचा पुरावा ठरतो. मात्र नौका, स्थळ, काळ आणि छायाचित्रकार यांची नोंद हरवल्यास सुस्थितीतील छायाचित्राचेही पुरावा म्हणून असलेले मूल्य बरेच कमी होते.

व्याख्या आणि व्याप्ती

इंग्रजीत रूढ असलेला 'डिंगी' हा शब्द भारतीय भाषांतून, हिंदी-बंगालीतील लहान होडीच्या नावावरून गेलेला आहे. आधुनिक नौकानयनात एक ते तीन नाविकांनी चालवण्याच्या, तळातून खाली सोडता येणारी फळी असलेल्या शिडाच्या छोट्या नौकेला डिंगी म्हणतात. ठरावीक आराखड्यानुसार बांधलेल्या सारख्या नौकांच्या समूहाला 'वर्ग' म्हणतात. कोकण किनाऱ्यावरील मचवा, गलबत, पडाव इत्यादी पारंपरिक नौका या व्याख्येत बसत नाहीत. परंतु त्यांची छायाचित्रे बऱ्याचदा त्याच संग्रहांत आढळतात आणि त्यांच्या जतनाच्या पद्धतीही सारख्याच आहेत. भारतीय नौकांच्या आकारांविषयी जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रबंध या पारंपरिक नौकांच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकाच आराखड्याच्या डिंगी नौकांची शर्यत ही कल्पना आयर्लंडमधील 'वॉटर वॅग' वर्गाने १८८७ मध्ये प्रत्यक्षात आणली. पुढे १९३१ मध्ये स्नाइप, १९४६ मध्ये फायरफ्लाय, १९४७ मध्ये ऑप्टिमिस्ट, १९५६ मध्ये एंटरप्राइझ आणि १९६२ मध्ये फायरबॉल हे वर्ग आले. यांतील एंटरप्राइझ आणि फायरबॉल या नौका सुरुवातीला प्लायवूडमध्ये बांधल्या जात. नंतर फायबरग्लासचा वापर वाढला.

नौकांच्या छायाचित्रणाची परंपराही जवळपास तेवढीच जुनी आहे. इंग्लंडमधील काउझ येथे बेकन कुटुंबाने १८८८ पासून हे काम केले. हलत्या होडीत कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा लागत असल्याने फ्रँक बेकन यांनी दातांनी रबरी गोळा चावून झडप उघडता येईल असा कॅमेरा वापरला. अमेरिकेतील रोझेनफेल्ड संग्रह १९८४ मध्ये मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाकडे आला. सुमारे १० लाख प्रतिमांचा हा संग्रह सागरी छायाचित्रांच्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र मुंबई आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ मध्ये, तर बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. अर्थात, छंद म्हणून नौकानयन आणि छायाचित्रण या दोन्ही गोष्टी शहरात एका दशकाच्या आतच संस्थात्मक स्वरूपात सुरू झाल्या. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फायरबॉल वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याजवळ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना खडकवासला जलाशयातील पीकॉक बे येथे शिडाच्या नौका चालवण्याचे प्रशिक्षण दिले जाते.

नौकेची ओळख आणि कालनिश्चिती

छायाचित्रातील नौका ओळखण्याचा पहिला आधार म्हणजे शिडावरील वर्गचिन्ह आणि क्रमांक. एंटरप्राइझची शिडे परंपरेने फिकट निळी असतात. परंतु कृष्णधवल छायाचित्रात रंग कळत नसल्याने चिन्ह व शिडाचा आकार तपासावा लागतो. क्रमांक हा निर्णायक पुरावा नसतो, कारण एका नौकेचे शीड दुसऱ्या नौकेवर लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. आकडे उलटे दिसत असल्यास निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेल्याची शक्यता असते. मात्र शिडाच्या मागील बाजूने घेतलेल्या छायाचित्रातही पातळ कापडातून पुढचे आकडे उलटे दिसू शकतात.

काळ ठरवण्यासाठी पार्श्वभूमी उपयोगी पडते. मुंबईच्या अपोलो बंदर परिसरातील छायाचित्रात ताजमहाल हॉटेल दिसत असल्यास ते सर्वसाधारणपणे १९०३ च्या सुमाराचे किंवा नंतरचे असते. पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया दिसत असल्यास ते १९२४ च्या आधीचे असण्याची शक्यता फारच कमी असते. शिडाचे कापड हाही एक दुवा आहे. सुती शिडांच्या जागी कृत्रिम धाग्याची शिडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. छायाचित्रामागील शिक्का, हस्ताक्षर आणि अल्बममधील क्रम यांनाही पुराव्याइतकेच महत्त्व असते. त्यामुळे अल्बम सोडवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे जसेच्या तसे छायाचित्र घेण्याची शिफारस केली जाते.

माध्यमे आणि त्यांचा ऱ्हास

जुन्या संग्रहांत पुढील माध्यमे आढळतात:

काचेच्या निगेटिव्ह – रासायनिकदृष्ट्या बऱ्याच टिकाऊ, पण सहज फुटणाऱ्या. जिलेटिनचा थर कडेपासून सुटू शकतो. या काचा लांब कडेवर उभ्या ठेवतात. एकावर एक रचत नाहीत.

नायट्रेट फिल्म – १८८९ पासून प्रचारात आलेली आणि १९५० च्या सुमारास बंद झालेली. ती अत्यंत ज्वालाग्राही असते. पुण्यात २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. अशी फिल्म घरात न ठेवता तज्ज्ञ संस्थेकडे सोपवणे इष्ट असते.

ॲसिटेट फिल्म – नायट्रेटला सुरक्षित पर्याय म्हणून आलेली. उष्ण व दमट हवेत तिचे विघटन होऊन व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्म आकसते आणि तिच्यावर सुरकुत्या पडतात. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की उलटवता येत नाही. बाहेर पडणारे आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधत असल्याने अशा निगेटिव्ह वेगळ्या काढतात.

रंगीत छायाचित्रे व पारदर्शिका – यांतील रंगद्रव्ये अंधारातही हळूहळू फिकी पडतात. थंड साठवण हाच त्यावरचा परिणामकारक उपाय आहे.

साठवण

छायाचित्रांसाठी थंड, कोरडी, अंधारी आणि स्थिर हवा आवश्यक असते. सापेक्ष आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा संकेत आहे. आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशी वाढू लागते. मुंबई व कोकणात पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तेथे छायाचित्रे वळणे, चिरणे आणि फिल्मचे विघटन लवकर होणे हे धोके अधिक असतात. पत्र्याखालची खोली, माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट या जागा त्यामुळे अयोग्य ठरतात. वाळवी आणि कसर यांचा उपद्रव सर्वत्र असतो.

छायाचित्रे आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवतात. पीव्हीसीची पाकिटे, चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, रबर आणि टाचण्या टाळतात. मागील बाजूस नोंद करायची झाल्यास ती मऊ पेन्सिलीने कडेला, दाब न देता करतात. ओली झालेली छायाचित्रे एकमेकांना चिकटण्यापूर्वी स्वच्छ पाण्यातून काढून, सुटी पसरून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवतात.

अंकीकरण

अंकीकरणामुळे मूळ छायाचित्राची हाताळणी कमी होते आणि प्रती सुरक्षित ठेवता येतात. परंतु ते मूळ वस्तूला पर्याय नसते. कागदी प्रती साधारण ६०० पिक्सेल प्रति इंच या प्रमाणात, तर निगेटिव्ह त्याहून बऱ्याच अधिक प्रमाणात स्कॅन करून टिफ स्वरूपात जतन करतात. डोलकाठीचे ताण, कप्प्या आणि शिडाचे दोर यांसारखे बारकावे नौकेच्या पुनर्बांधणीत निर्णायक ठरत असल्याने कमी तपशिलाची प्रतिमा पुरेशी होत नाही. कुशल दुरुस्तीने डाग पुसलेली प्रत स्वतंत्र ठेवतात आणि मूळ स्कॅन न बदलता राखतात. प्रत्येक फाइलसोबत वर्ग, शीडक्रमांक, स्थळ, दिनांक, छायाचित्रकार, मालकी आणि माहितीचा स्रोत या नोंदी असतात. अनुमानाने ठरवलेली माहिती तशी स्पष्टपणे नोंदवली जाते.

स्वामित्वहक्क

छायाचित्राची प्रत जवळ असणे म्हणजे तिचा स्वामित्वहक्क असणे नव्हे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचे संरक्षण पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षे होते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असे झाले. त्यामुळे छायाचित्रकाराचे नाव ही नोंद ऐतिहासिक कारणांइतकीच कायदेशीर कारणांसाठीही आवश्यक ठरते.

एकमेव प्रतीचा धोका

डिंगी नौकानयनाची अनेक छायाचित्रे संस्थांकडे नसून नाविकांच्या कुटुंबांकडे असतात. सैन्यदलांत राहून नौकानयन केलेल्या खेळाडूंचे अल्बम किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावीही असू शकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसह अनेक गावांतील दगडमातीची घरे कोसळली. अशा आपत्तीत घरात असलेली छायाचित्राची एकमेव प्रत कायमची नष्ट होते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारची साठवण-साधने आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी, हा नियम घरगुती संग्रहांसाठीही सुचवला जातो.

यापेक्षा कमी दृश्य, पण अधिक व्यापक हानी माहितीची असते. छायाचित्रातील नौका आणि माणसे ओळखणारी पिढी हयात असतानाच त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून संबंधित प्रतिमेच्या क्रमांकाशी जोडल्या जातात. रासायनिक ऱ्हास थंड साठवणीने लांबवता येतो. विसरलेले नाव परत मिळवण्याचा तसा कोणताही उपाय नसल्याने जतनाच्या कामात ओळख पटवण्याला अग्रक्रम दिला जातो.