न गोठणारे रक्त

थंडीत रक्त गोठते, असे आपण म्हणतो. लडाखच्या पोस्टिंगवर उलटे शिकलो: गारठलेल्या जखमीचे रक्त गोठतच नाही.

१९१७ साली फ्रान्सच्या आघाडीवर वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाला शॉकमधल्या जखमींच्या रक्तात आम्लता वाढलेली आढळली. जखमींना ऊब द्या, हा त्याचा आग्रह होता. पुढे १९८०च्या दशकात सर्जन मंडळींनी पूर्ण साखळी मांडली. रक्त गेले की पेशींना प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचते. शरीर ३४ अंश सेल्सिअसखाली उतरले की प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारी एन्झाइम्स मंदावतात. आम्लता त्यांना आणखी लुळे करते. रक्त वाहतच राहते, अंग अजून गार पडते.

म्हणून आधी रक्तस्राव थांबवायचा आणि लगेच ब्लँकेट. उन्हाळ्यातसुद्धा.